शिष्यवृत्तीनंतर काय?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गेली अठरा वर्षे आम्ही मंडळाच्या शिष्यवृत्ती समितीचे काम पाहत आहो. दर वर्षी ह्याच व्यासपीठावरून आम्ही नावे वाचावी, मुलामुलींनी येऊन पाकीट घ्यावे, आपण टाळ्या वाजवाव्या आणि मग भोजनाची पाने मांडली जावी, असा क्रम चालत आला आहे. यंदा अध्यक्षांनी नावे वाचण्याचे काम दुसऱ्याकडे देऊन आम्हांस चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा आम्ही समितीच्या जुन्या वह्या काढून बसलो. कोणास किती रक्कम दिली, कोणी पावती दिली नाही, हे सर्व त्यांत नीट लिहिलेले आहे. पाकीट घेऊन गेलेल्या मुलांचे पुढे काय झाले, हे मात्र कोठेही नाही. लिहिले नाही, कारण आम्ही विचारलेच नाही. हा दोष सर्वस्वी आमचा आहे, आणि आजच्या बोलण्याचे मूळही त्यातच आहे.

आम्ही मग रसायनशास्त्रात एम्.एस्सी. झालेल्या मुलामुलींची चौकशी केली. कोणी खाजगी शिकवणी चालवितो, कोणी पुण्यास अभ्यासिकेत बसून स्पर्धापरीक्षेचे तिसरे वर्ष काढीत आहे, कोणी बँकेच्या कर्जवसुलीसाठी दारोदार फिरतो. ह्यांपैकी कोणतेही काम हलके नव्हे. आम्ही स्वतः जन्मभर पहिली ते चौथीच्या मुलांस पाढे शिकविले, आम्ही कोणत्या तोंडाने कोणाचे काम हलके म्हणणार? परंतु ज्या विद्येकरिता मंडळाने पदराचे पैसे मोजले, ती विद्या ह्यांतील कोणत्याच कामास लागत नाही. आणि ज्या ज्ञातीने पिढ्यान्‌पिढ्या सूत रंगविले, जिच्यातील अनेक घरांत आजही डायिंगचा धंदा आहे, तिची रसायनशास्त्र शिकलेली मुले डायिंगच्या दारात नसावीत, ह्याचे आम्हांस फार आश्चर्य वाटले. आश्चर्य ओसरले तेव्हा एक गोष्ट आठवली. ती प्रथम सांगतो. नावे अर्थातच सांगत नाही.

सोलापुरातील आपल्या एका बंधूंचे टॉवेलचे सूत रंगविण्याचे लहानसे डायिंग आहे. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात त्यांनी लाल रंगाचा एक मोठा लॉट काढला. टॉवेल विणून झाले, माल परगावी गेला आणि महिन्याभरात परत आला. पहिल्याच धुण्यात रंग सुटून पांढऱ्या किनारीवर उतरला होता. मालकांनी रंगाचा व्यापारी बदलला. मग जुना रंगारी बदलला. पुढच्या लॉटचीही तीच गत झाली, तेव्हा घरात शांत करावी की काय, अशीही बोलणी झाली. त्याच वाड्यात, जिन्याच्या पलीकडच्या दोन खोल्यांत, त्यांच्या धाकट्या बंधूंचे बिऱ्हाड. त्यांची मुलगी आपल्याच शिष्यवृत्तीवर सेंद्रिय रसायनशास्त्र घेऊन एम्.एस्सी. प्रथम वर्गात उत्तीर्ण झालेली. दिवाळीच्या फराळास सर्व जमले असता तिने सहज विचारले, “काका, उन्हाळ्यात पाणी कोणते वापरता?” काका म्हणाले, “नळाचे पाणी चार-पाच दिवसांनी येते. बोअरचे वापरतो. अजून काय करणार?” ती म्हणाली, “त्याचा जडपणा कधी मोजला होता का?”

पाणी दुष्फेन होते. आज टॉवेलास जे रंग सर्रास वापरतात, ते सुताशी रासायनिक बंध जोडणारे रंग होत. असे रंग इंग्लंडमध्ये १९५६ साली प्रथम बाजारात आले. रंगाचा जो भाग सुताशी जोडला जात नाही, तो शेवटी कढत पाण्याने व साबणाने धुऊन काढावा लागतो. पाण्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार फार असले की हा सुटा रंग नीट निघून जात नाही. तो सुतावर नुसता बसून राहतो आणि गिऱ्हाइकाच्या बादलीत उतरतो. उपाय फार खर्चाचा नव्हता. पाणी मृदू करण्याची सोय, क्षारांस बांधून ठेवणारे द्रव्य आणि धुण्याची एक फेरी अधिक. त्या मुलीने हे सर्व फराळाच्या ताटावर बसून सांगितले आणि पुढील लॉट नीट निघाला. बिचाऱ्या जुन्या रंगाऱ्याचा काही अपराध नव्हता. तो मात्र गेला तो गेलाच.

मालकांनी नंतर त्या मुलीस कामावर ठेवले काय? नाही. आम्ही त्यांस विचारले. ते सज्जन गृहस्थ आहेत, त्यांनी मोकळेपणाने उत्तर दिले. ते म्हणाले, “गुरुजी, पोरगी हुशार आहे, त्यात वाद नाही. पण एक प्रश्न सुटला. आता वर्षभर ती काय करणार? दरमहा पंचवीस हजार पगार मी कशाच्या भरवशावर देऊ? काही निघाले नाही तर?” ह्या उत्तरास हसू नये. ज्याच्या डोक्यावर बँकेचे कर्ज आणि कामगारांचा शनिवारचा पगार आहे, त्याने हाच प्रश्न विचारावा. संशोधन म्हणजे जे निघेल की नाही हे आधी सांगता येत नाही असे काम. धनवानास ते परवडते, लहान माणसास परवडत नाही. आणि प्रश्न तर लहान माणसाकडेच पडून असतात.

ह्या अडचणीतून वाट काढण्याचे यत्न जगात कसे झाले, हे आम्ही थोडे वाचून पाहिले. आम्ही मॅट्रिकच्या पलीकडे शिकलो नाही, तेव्हा आमच्या वाचनास मर्यादा आहेत. परंतु पहिलाच धागा थेट आपल्या ज्ञातीच्या धंद्याशी जाऊन मिळाला.

आपले पूर्वज तांबडा रंग आलाच्या व मंजिष्ठेच्या मुळ्यांतून काढीत आणि निळा नीळीतून. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळ्यांतील रंगद्रव्य बर्लिनमध्ये ग्रेबे व लीबरमान ह्या दोघा रसायनज्ञांनी १८६८ साली डांबराच्या अर्कापासून तयार केले आणि पुढे थोड्याच वर्षांत मुळ्यांचा व्यापार बसला. नीळीस अधिक काळ लागला. बायर ह्या प्राध्यापकाने ती प्रयोगशाळेत १८८० साली केली, परंतु बीएएसएफ ह्या जर्मन कंपनीची कारखान्यातील नीळ बाजारात येण्यास १८९७ साल उजाडले. मधली सतरा वर्षे कंपनी रसायनज्ञांस पगार देत राहिली. त्या काळातली एक गोष्ट सांगतात. एका पायरीवरील क्रिया काही केल्या वेग धरीना. एके दिवशी ढवळताना थर्मामीटर फुटला, त्यातील पारा सांडला आणि क्रिया झपाट्याने झाली. पारा आपल्याकडेही पुष्कळदा सांडला असेल. सांडल्यावर काय झाले हे ओळखणारा माणूस तेथे पगारावर उभा होता, एवढाच फरक. ही नीळ आली आणि आपल्याकडील नीळीची शेते व कुंड एका पिढीत ओस पडू लागले. आपल्यापैकी कित्येकांच्या पणजोबांनी धंदा का सोडला, ह्याचे उत्तर त्या प्रयोगशाळेत आहे.

दुसरी गोष्ट त्याहून बोधक वाटली. एल्बरफेल्ड गावी बायर नावाचाच रंगांचा कारखाना होता. वर सांगितलेल्या प्राध्यापकाशी त्याचा संबंध नाही, नाव तेवढे एक. १८८० नंतर तांबड्या रंगाचे भाव कोसळले आणि कारखाना अडचणीत आला. तेव्हा संस्थापकांचे जावई कार्ल रुम्फ ह्यांनी खर्च कमी करावयाचा सोडून उलटेच केले. नुकतेच डॉक्टरेट झालेले तीन तरुण रसायनज्ञ निवडून त्यांस विद्यापीठांत राहून संशोधन करण्यास वेतन दिले. त्यांतील एक कार्ल ड्यूसबर्ग, बार्मेन येथील फिती विणणाऱ्याचा मुलगा, १८८३ साली स्ट्रासबर्गला गेला, दुसऱ्या वर्षी कारखान्यात रुजू झाला आणि त्याने कापसास थेट चढणारे लाल रंग काढून कारखाना सावरला. पुढे तोच त्या कंपनीचा प्रमुख झाला. (ज्या मोठ्या उद्योगसमूहात ती कंपनी पुढे विलीन झाली, त्याचा हिटलरच्या काळातील इतिहास काळाकुट्ट आहे, त्याचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही.) विणकराच्या मुलास कोणीतरी एक वर्षाचे वेतन दिले, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

परंतु रुम्फ ह्यांच्यापाशी कारखाना होता. ज्याचे डायिंग चार भट्ट्यांचे, त्याने काय करावे? ह्याचे उत्तर ब्रिटनमध्ये सरकारने दिलेले दिसते. तेथे १९७५ साली एक योजना निघाली, तिचे नाव ‘टीचिंग कंपनी स्कीम’. नाव मोठे मार्मिक आहे. वैद्यकीचा विद्यार्थी ज्या रुग्णालयात रोग्याच्या खाटेशेजारी उभा राहून शिकतो, त्यास तेथे टीचिंग हॉस्पिटल म्हणतात. त्याच धर्तीवर ज्या कारखान्यात पदवीधराने उभे राहून शिकावयाचे, ती टीचिंग कंपनी. २००३ पासून ही योजना ‘नॉलेज ट्रान्स्फर पार्टनरशिप’ ह्या नावाने चालू आहे.

तिची रचना आम्ही बारकाईने पाहिली, कारण तिच्यात आपल्यासारख्यांच्या शंकांची उत्तरे आहेत. तीन पक्ष असतात: कारखाना, विद्यापीठ आणि नुकताच पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतलेला तरुण. कारखान्याने आपला प्रश्न आधी लेखी मांडावयाचा. काम एक ते तीन वर्षांचे. तरुण काम करतो कारखान्यात, परंतु नोकर असतो विद्यापीठाचा. अनुदानही विद्यापीठाकडे जाते, मालकाच्या हाती पडत नाही. लहान कारखानदाराने एकूण खर्चाचा साधारण एक-तृतीयांश भार उचलावा, मोठ्याने निम्मा, बाकीचा सरकार उचलते. विद्यापीठातील एक अध्यापक आठवड्यातून साधारण अर्धा दिवस ह्या कामास देतो. तरुणाच्या वेळेपैकी एक-दशांश त्याच्या स्वतःच्या शिक्षणासाठी राखलेला असतो. आणि दर चार महिन्यांनी सर्व पक्ष एकत्र बसून काम कोठवर आले ते पाहतात. मुदत संपल्यावर पुष्कळ ठिकाणी तोच तरुण त्याच कारखान्यात कायम होतो. मालकाची भीती तोवर गेलेली असते.

फ्रान्समध्येही १९८१ पासून अशी व्यवस्था आहे. तेथे कंपनीने डॉक्टरेट करणाऱ्या विद्यार्थ्यास तीन वर्षे नोकरीवर घ्यावयाचे आणि सरकारने कंपनीस वार्षिक साहाय्य द्यावयाचे. तीत फारसे शिरत नाही, कारण आपल्याकडे प्रश्न डॉक्टरेटचा नसून एम्.एस्सी. होऊन घरी बसलेल्यांचा आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा. १९७३ मध्ये त्यात पदवीधरांचा समावेश झाला आणि त्यांच्या विद्यावेतनाचा अर्धा वाटा केंद्र सरकार देऊ लागले. २०१२ साली डॉक्टरेट करणाऱ्यांसाठी पंतप्रधानांच्या नावाची अधिछात्रवृत्ती निघाली, तीत अर्धा भार उद्योगाने उचलावयाचा होता. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. तीत पदवीधर व पदव्युत्तर तरुणांस दरमहा १०,००० रुपये ठरविले आणि मुदत प्रारंभी सहा महिन्यांची ठेविली. २०२५ साली केंद्राने खाजगी क्षेत्रातील संशोधनासाठी एक लाख कोटी रुपयांच्या निधीस मंजुरी दिली. रक्कम ऐकून छाती दडपते. परंतु तो निधी मुख्यतः दीर्घ मुदतीच्या कर्जांचा व भांडवलाचा आहे, आणि सोलापूर-इचलकरंजीच्या डायिंगवाल्याच्या हाती तो कोणत्या वाटेने पोहोचावा, हे आम्हांस तरी उमगले नाही. सहा महिन्यांत तर तरुणास भट्टीची माणसे ओळखीची होतात. उन्हाळ्याचे पाणी आणि पावसाळ्याचे पाणी ही दोन्ही त्याच्या नजरेखालून जात नाहीत. शिकाऊ उमेदवार जे चालू आहे ते शिकतो. जे चालू आहे त्यात दोष काय, हे शोधणे त्याचे काम समजले जात नाही. आपल्या मापाची जागा मधल्या मधे रिकामीच राहते.

ती जागा आपल्या मंडळाने, अल्प प्रमाणात का होईना, भरावी, अशी आमची सूचना आहे.

ज्ञातिसंस्थांनी सरकारच्या आधी पाऊल टाकावे, ही ह्या प्रांताची जुनी रीत आहे. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांस उत्तेजन दिले, तेव्हा ज्ञातीज्ञातींतील लोकांनी पै-पैसा जमवून ती चालविली. त्या वेळी मुलांस राहावयास जागा नव्हती. आज जागा आहे, शुल्कसवलत आहे, शिष्यवृत्ती आहे. नाही ते पदवीनंतरचे पहिले दोन वर्षांचे काम. गरज सरकली, आमची वही मात्र तेथेच राहिली.

आमची योजना साधी आहे. दर वर्षी दोन एम्.एस्सी. तरुण निवडावे. प्रत्येकास चोवीस महिने एका डायिंगमध्ये किंवा तत्सम लहान कारखान्यात संशोधनाच्या कामी ठेवावे. पगार दरमहा २५,००० रुपये धरला, तर निम्मे मालकाने द्यावे व निम्मे मंडळाने. म्हणजे एका तरुणामागे दोन वर्षांत मंडळाचे तीन लाख रुपये जातील. शिष्यवृत्ती निधीच्या व्याजातून हे साधेल, असे खजिनदारांशी बोलून आम्ही म्हणत आहो. सभागृहाच्या छतास नवी सजावट करण्याचा जो ठराव आज दुपारी यावयाचा आहे, त्याचा आकडा ज्यांस ठाऊक आहे, त्यांनी ह्या आकड्याशी तो ताडून पाहावा.

ह्यावर आम्हांस तीन आक्षेप ऐकू आले.

पहिला असा की, ज्ञातीचा पैसा धनिकांच्या कारखान्यांत का ओतावा. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच पैसा मालकास न देता तरुणाच्या खात्यावर जावा, मालकाने आपला निम्मा वाटा आगाऊ भरावा आणि प्रश्न लेखी दिल्याविना अर्ज घेऊ नये. ह्या बाबतीत आम्ही पोळलेलो आहो. आमचा एक जुना विद्यार्थी एका कारखान्यात ‘रसायनज्ञ’ म्हणून लागला आणि दोन वर्षे जीएसटीची बिले लिहीत बसला. प्रयोगशाळेच्या खोलीत मालकांनी जुन्या बॉबिनांचे खोके ठेविले होते. त्यास सोडून जाण्याचा सल्ला आम्हीच दिला. तेव्हा दर चार महिन्यांनी समितीचा एक सभासद आणि महाविद्यालयातील एक रसायनशास्त्राचा अध्यापक, अशा दोघांनी जाऊन प्रत्यक्ष पाहिले पाहिजे. तो अध्यापक आपल्याच ज्ञातीचा मिळावा, असा हट्ट कृपा करून कोणी धरू नये. कारखानाही आपल्याच माणसाचा असावा, असे आम्ही म्हणत नाही. निधीच्या नियमाप्रमाणे तरुण आपला हवा. डायिंग कोणाचे का असेना. ही गोष्ट काहींस रुचणार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे.

दुसरा आक्षेप, दोन वर्षांत काहीच निघाले नाही तर? तर निघाले नाही. वहीत तसे लिहावे, काय करून पाहिले ते लिहावे, आणि ती वही पुढच्यास द्यावी. नीळीस सतरा वर्षे लागली. शिष्यवृत्ती घेतलेला मुलगा नापास झाला, तर आपण त्याच्याकडून पैसे परत मागतो काय? येथेही तोच न्याय लावावा. रंगाच्या धंद्यात तर न शोधण्याची किंमत आपण अधिक मोजली आहे. ड्यूसबर्गच्या काळी जे रंग निघाले, त्यांच्याच कुळातील काही रंगांपासून कर्करोगकारक द्रव्ये सुटतात म्हणून जर्मनीने १९९४ साली त्यांवर बंदी घातली. आपल्या सरकारने १९९७ साली तशी बंदी घातली. त्या काळी आपल्या कित्येक बंधूंस कोणता डबा बंदीतला आणि कोणता नव्हे, हे सांगणारा माणूस गावात मिळत नव्हता. डब्यावर व्यापाऱ्याने जे नाव छापले, तेच त्यांचे रसायनशास्त्र. आणि पंचगंगेत जाणाऱ्या रंगीत पाण्याबद्दल इचलकरंजीकडील बंधूंस आम्ही काय सांगावे? ते आम्हांसच सांगतील.

तिसरा आक्षेप कोणी सभेत उघड मांडणार नाही, परंतु आमच्या कानांत हळूच सांगितला गेला. रसायनशास्त्र घेऊन उत्तीर्ण झालेल्यांत आता मुलीच पुष्कळ आहेत; त्यांस डायिंगमध्ये, भट्टीपाशी, कामगारांत कोठे उभे करावयाचे? आम्ही पाल्हाळ न लावता उत्तर देतो. आपल्या आज्या-पणज्या रंगाच्या कुंडांत कोपरापर्यंत हात घालून उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या नखांतील निळा रंग मरेपर्यंत गेला नाही. तेव्हा कोणी विचारले नव्हते. आज मुलगी एम्.एस्सी. झाल्यावर तेवढे विचारावेसे वाटते, ह्याचा प्रत्येकाने आपापल्या घरी विचार करावा. स्वतंत्र खोली, वेळेवर सुटी आणि सायंकाळी घरी पोहोचण्याची सोय, ह्या अटी समितीने करारातच घालाव्या. वाड्यातील त्या मुलीविषयी मघाशी सांगितले. ती सध्या दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. तिचे वडील आणि तिचे काका, दोघेही ह्या सभागृहात आहेत. आम्ही त्यांची परवानगी घेऊनच बोललो.

कार्यकारिणीपुढे ही सूचना पुढील महिन्यात यावयाची आहे. ती संमत होईल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. तोवर एक काम बिनखर्चाचे आहे. ज्यांचा डायिंगचा, छपाईचा किंवा सायझिंगचा धंदा आहे, त्या प्रत्येकाने आपल्यास सतावणारा एकच प्रश्न लिहून द्यावा. रंग का सुटतो, शेड का जुळत नाही, वाफेस इतके जळण का लागते, पाणी परत कसे वापरता येईल, काहीही. भाषा शुद्ध नसली तरी चालेल. तपासून घेण्यास आम्ही आहोच, जन्म त्यातच गेला. चिटणिसांच्या टेबलावर कोरे कागद ठेविले आहेत. भोजनास जाण्यापूर्वी लिहावे. नंतर हात तुपाचे होतात.